शिपायाच्या घरची दिवाळी

दिवाळीचे चार दिवस बहुतेक घरांत वर्षातले सर्वांत गजबजलेले असतात. ज्या घरातला पुरुष सैन्यात आहे, त्या घरात मात्र हेच दिवस सर्वांत लांब होतात. एरवी शेत, गुरे, मुलांची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी यांत दिवस कसा मावळतो ते कळत नाही. सणाला मात्र प्रत्येक विधी त्याचीच आठवण करून देतो. पाडव्याला ओवाळायचे ते पतीला, भाऊबीजेला ओवाळायचे ते भावाला. पाट मांडला, निरांजन लावले, आणि पाटावर बसणारा शेकडो कोस दूर! हे दुःख बोलून दाखवायची सोय नाही, कारण सणासुदीला डोळ्यांत पाणी आणणे अशुभ.

आपल्या मुलुखाला हा अनुभव नवा नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. पुढच्या दिवाळीला त्या गावात किती घरांच्या पणत्या मंद जळल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

सणाला शिपायाची आठवण ठेवावी, ही कल्पना त्याच युद्धात मोठ्या प्रमाणावर अमलात आली. १९१४ च्या नाताळासाठी इंग्लंडची सतरा वर्षांची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी जमवून आघाडीवरच्या सैनिकांना पितळेची एकेक डबी पाठविण्यात आली. गोऱ्या सैनिकांना तंबाखू व सिगारेटी, तर बहुतेक हिंदी शिपायांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी मिळाली. खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या तेव्हा फ्रान्समध्ये होत्या. परदेशच्या चिखलात आपल्या मसाल्याचा वास आला, तेव्हा त्यांना घर आठवले नसेल असे कसे म्हणावे? पण डब्या शिपायांसाठी होत्या. मागे राहिलेल्या घरांच्या सणाचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न लवकरच बिकट झाला. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. संक्रांत, शिमगा, गुढीपाडवा हे सारे सण त्या वेढ्यात गेले. उपासमारीने टेकीस येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि हजारो शिपाई कैदेत पडले. त्यांतले पुष्कळ परतलेच नाहीत. इकडे कोकणात आणि घाटावर त्यांच्या बायका पोस्टमनची वाट पाहत होत्या. माणूस गेल्याची बातमी आली तर सुतक धरता येते, आल्याची आली तर गुढी उभारता येते. काहीच न कळले तर काय करावे, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही.

हाच पेच १९६२ साली पुन्हा आला. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. हिमालयाच्या थंडीत आपल्या जवानांच्या अंगावर सुती कपडे आणि पायांत कॅनव्हासचे बूट असल्याचे कळले, आणि घरोघरी लोकरीच्या सुया चालू लागल्या. संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या युद्धात सुमारे १,७०० जवान बेपत्ता झाले आणि सुमारे ३,९०० चीनच्या कैदेत पडले. आजारी व जखमी कैदी डिसेंबरपासून परत येऊ लागले, तरी बाकीच्यांना १९६३ चा एप्रिल-मे उजाडला. मध्ये संक्रांत आली. बेपत्ता जवानाच्या पत्नीला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही? न बोलवावे तर तिचा नवरा गेला असे आपणच ठरविल्यासारखे होते. बोलवावे तर चार जणींच्या नजरा तिच्या कपाळावर. युद्धाचा एक भाग असा आपल्या ओसरीवरही लढला जातो.

१९६५ चे दुःख वेगळ्या जातीचे होते. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले, महिन्याभराने दिवाळी आली, पण जवान आले नाहीत. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभीच होती. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदचा करार झाला आणि फेब्रुवारीअखेर फौजा मागे आल्या. “लढाई तर संपली, मग तुमचे कसे अजून आले नाहीत?” असे विचारणाऱ्या शेजारणीचा हेतू वाईट नसतो; पण दिवसातून पाच वेळा तेच उत्तर देणे म्हणजे जखमेवरची खपली पाच वेळा काढणे होय. त्याच १९६६ साली सैनिकांच्या पत्नींची ‘आवा’ ही कल्याणकारी संघटना निघाली. घर सांभाळणारीलाही आधार हवा, हे अखेर मान्य झाले.

आज हातोहाती फोन आहेत. तरी उंच ठाण्यावरून ठरल्या वेळी फोन आला नाही, तर जिवाची तीच उलघाल होते. म्हणून या इतिहासातून आपण काही साध्या गोष्टी उचलाव्यात. फराळाचा डबा ‘५६ ए.पी.ओ.’च्या पत्त्यावर पुरेसा आधी पाठवावा. सण उलटून गेल्यावर पोचलेली चकली गोड लागत नाही असे नाही, पण सणाला पोचलेलीची सर तिला नाही. शिपायाच्या घरी जाताना बातमी विचारायला जाऊ नये, करंज्या लाटायला जावे. आणि तो रजेवर येईल तो दिवस पाडवा मानून त्या दिवशी पाट मांडावा; तिथी चुकली म्हणून देव रागावत नाही.

आपल्या रूढीतही यासाठी जागा आहे. भाऊ येऊ शकत नसला तर बहीण चंद्राला ओवाळते. दूर गेलेल्या माणसासाठी पाट रिकामा ठेवायचा नसतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. आणि जेथे रूढीच आड येते, तेथे ती बदलता येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले.

तेव्हा भगिनींनो, येत्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे शिपायाच्या घरी जावे. त्या घरची सवाष्ण असो वा वीरपत्नी, तिळगूळ दोघींच्याही हातावर सारखाच पडावा. सीमेवरचा पहारा आपल्या हाती नाही. दारचा उंबरा तर आहे!