निवृत्तिवेतनाचा हिशेब आणि चौथा माणूस



‘हिशेब वाचून मंजूर’ हे शब्द पतपेढीपासून नगरपालिकेपर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहेत. अध्यक्ष ते उच्चारतात, दोघेचौघे हात वर करतात आणि चहा येतो. पण त्या शब्दांत तीन माणसांची कामे दडलेली असतात. एकाने हिशेब लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने मंजूर करायचा. हे तिघे निराळे असले म्हणजे पैसा सुरक्षित राहील, असे आपण धरून चालतो. तेवढ्याने भागते का, हे पाहण्यासाठी मी आज इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहे.

हा निधी कोणाच्या दयेने उभा राहिला नाही. तेथील स्थानिक संस्थांतील अधिकारी व कारकून यांची देशव्यापी संघटना १९०५ साली स्थापन झाली आणि म्हातारपणाची तरतूद ही तिची अगदी आरंभीची मागणी होती. १९२२ साली कायदा झाला. परंतु तो ऐच्छिक होता. ज्या संस्थेला वाटेल तिने योजना लागू करावी, न वाटेल तिने करू नये! १९३७ च्या कायद्याने पूर्ण वेळ अधिकाऱ्यांसाठी ती सक्तीची झाली. अंगमेहनतीच्या कामगाराचा प्रश्न मात्र पुन्हा संस्थेच्याच मर्जीवर सोडला गेला. झाडूवाल्याचे म्हातारपण कारकुनाच्या म्हातारपणाहून स्वस्त, हा हिशेब विलायतेतही होता.

या योजनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. तेथील शिक्षकांचे किंवा सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून दिले जाते. त्यामागे साठविलेला निधी नसतो. स्थानिक संस्थांच्या नोकरांचा मात्र खराखुरा निधी आहे. नोकर वर्गणी भरतो, संस्था आपला वाटा घालते, आणि तो पैसा रोख्यांत, समभागांत, इमारतींत गुंतविला जातो. इंग्लंड व वेल्स मिळून असे ८६ निधी. ३१ मार्च २०२३ रोजी त्यांची एकूण रक्कम सुमारे ३५९ अब्ज पौंड होती आणि सभासद साठ लाखांहून अधिक. जेथे साठा आहे तेथे राखणदार हवाच.

तो राखणदार निवृत्तिवेतनाहून जुना आहे. गरिबांच्या मदतीसाठी गोळा होणाऱ्या कराचा हिशेब तपासण्याकरिता १८४४ च्या कायद्याने जिल्हा हिशेबतपासनीस नेमण्याची सोय केली. बेकायदा खर्च नामंजूर करून तो संबंधितांच्या खिशातून वसूल करण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९३० साली स्थानिक निधीच्या हिशेबतपासणीचा कायदा झाला, त्यातील वसुलीची कल्पना याच घराण्यातली आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने या तपासनिसाचे नुसते गोडवे गाऊ नयेत. पूर्व लंडनमधील पॉप्लरच्या नगरपालिकेने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कामगारांना, स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला किमान चार पौंड वेतन दिले. हे अवाजवी आहे असे ठरवून तपासनिसाने ५,००० पौंड नगरसेवकांच्या अंगावर टाकले, आणि १९२५ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने त्याचीच बाजू उचलून धरली. तपासनीस कायद्याचा नोकर असतो. कायदा ज्याच्या बाजूचा, त्याच्या बाजूला तो झुकतो. म्हणून ज्याचा पैसा, त्याने तपासनिसावर सारा भार टाकून झोपी जाऊ नये.

आता हिशेबात काय असते ते पाहू. ३१ मार्चला वर्ष संपते. वर्षात वर्गणी किती आली, निवृत्तांना किती दिले, गुंतवणुकीवर नफा-तोटा काय झाला, आणि अखेरीस शिल्लक मालमत्ता किती, एवढे त्यात येते. पुढे जन्मभर जे निवृत्तिवेतन द्यायचे, त्याचा बोजा मुख्य आकड्यांत धरलेला नसतो. तो टिपणीत किंवा सोबतच्या गणिततज्ज्ञाच्या अहवालात दाखवितात. दर तीन वर्षांनी हा तज्ज्ञ निधीचे मूल्यमापन करतो आणि संस्थेने किती भर घालायची ते ठरवितो. सभासदाला मिळायची रक्कम कायद्याने ठरलेली. तूट आली तर ती संस्थेने, म्हणजे शेवटी करदात्याने, भरून काढायची. मग सभासदाने काळजी का करावी? कारण चुकीच्या आकड्यावर ठरलेली भर अपुरी पडते, काही वर्षांनी खड्डा दिसतो, आणि ‘निवृत्तिवेतन फार महाग झाले’ अशी ओरड सुरू होते. खड्डा खणणारा एक, आणि बोट मात्र म्हाताऱ्याकडे!

पैसा वेगळा ठेवण्याचे महत्त्वही उशिराच कळले. १९९१ साली रॉबर्ट मॅक्सवेल या वृत्तपत्रमालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कंपन्यांतील कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतून चाळीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाल्याचे उघड झाले. तो खाजगी धंदा होता. परंतु स्थानिक संस्थांच्या निधीसाठी स्वतंत्र बँक खाते सक्तीचे होण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला.

या कथेतला चौथा माणूस म्हणजे सामान्य नागरिक. ठरावीक मुदतीत हिशेबाची पुस्तके व पावत्या पाहण्याचा, आणि त्या भागातील मतदाराला तपासनिसाकडे हरकत नोंदविण्याचा हक्क तेथील कायदा देतो. हा हक्क कागदी नाही. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने मतांवर डोळा ठेवून घरे विकली, अशी हरकत १९८९ साली काही रहिवाशांनी घेतली. प्रकरण बारा वर्षे चालले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायपीठाने तपासनिसाचा निष्कर्ष ग्राह्य धरला. निधीच्या हिशेबालाही हाच कायदा लागू आहे. त्यात एक उणीव आहे. हरकतीचा हक्क मतदाराचा. निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या सभासदाला तो नाही. २०१५ पासून प्रत्येक निधीसाठी मंडळ आहे, त्यात सभासदांचे व मालकांचे प्रतिनिधी समसमान असतात. परंतु या मंडळाने साहाय्य करायचे. हिशेबाची मंजुरी त्याच्या हाती नाही.

अलीकडे तर आणखीच अघटित घडले. सर्व तपासणीवर देखरेख करणारा आयोग २०१५ साली मोडीत निघाला आणि काम खाजगी पेढ्यांकडे गेले. २०२२-२३ च्या हिशेबांपैकी ठरल्या मुदतीत, म्हणजे ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत, तपासून झाले ते शेकडा एक! मागचे-पुढचे मिळून ९१८ हिशेब तुंबले. इंग्लंडमध्ये निधीचा हिशेब नगरपालिकेच्या हिशेबाचाच भाग धरला जात असल्याने, निधीची तपासणी पुरी झाली तरी नगरपालिकेचे घोंगडे भिजत पडले की तोही अडकत असे. शेवटी सरकारने १३ डिसेंबर २०२४ ही अखेरची तारीख नेमली, आणि शेकडो संस्थांच्या हिशेबांवर तपासनिसांनी ‘आम्ही मत देऊ शकत नाही’ असा शेरा मारून ते हातावेगळे केले.

मंजुरी मिळाली, शिक्का बसला. पण पाहिले कोणी? उशिरा तपासलेला हिशेब म्हणजे चोर गेल्यावर लावलेले कुलूप. तपासनीस स्वतंत्र हवा, तपासणी वेळेवर हवी, आणि ज्याच्या घामाचा पैसा त्याला पुस्तक उघडून विचारण्याचा हक्क हवा. आपल्याकडेही भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत आपण फक्त आपल्या नावापुढची रक्कम पाहतो. साऱ्या निधीचे काय झाले हे कितीजण विचारतात? पुढच्या वार्षिक सभेत ‘हिशेब वाचून मंजूर’ असे कोणी म्हणाले, तर हात वर करण्याआधी एवढेच विचारा : वाचला कोणी?