खेळाच्या डबीवर नाव कोणाचे?



जुन्या वस्तू जमविण्याचा छंद माणसाला फार पूर्वीपासून आहे. नाणी, टपालाची तिकिटे, ग्रामोफोनच्या तबकड्या ह्यांच्या पंक्तीस आता व्हिडिओ गेमही येऊन बसले आहेत. बंद पडलेल्या आर्केडमधील कपाटाएवढी यंत्रे, टीव्हीला जोडावयाची कन्सोल, आणि त्यांत खुपसावयाच्या प्लॅस्टिकच्या डब्या, ज्यांना आपल्याकडील मुले ‘कॅसेट’ म्हणत, ह्यांचा शोध घेत हिंडणारी मंडळी जगभर आहेत. हा छंद पोरकट आहे असे मी मानीत नाही. परंतु यंत्र जपले आणि यंत्र करणारा विसरला, तर तो इतिहास अपुरा राहतो. अटारी ह्या अमेरिकन कंपनीच्या कहाणीवरून हे स्पष्ट दिसते.

१९७२ साली नोलन बुशनेल व टेड डॅबनी ह्यांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न ह्या तरुण इंजिनियराने ‘पाँग’ हा खेळ बनविला आणि त्याचे पहिले यंत्र सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतात तो नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळे यंत्र अडले होते! १९७६ साली वॉर्नर कंपनीने अटारी विकत घेतली, आणि १९७७ साली तिचे घरगुती कन्सोल बाजारात आले. त्याची चालती स्मृती अवघी १२८ बाइट, म्हणजे इंग्रजी दीड-दोन ओळींत संपतील एवढ्या अक्षरांची. एवढ्याशा जागेत चेंडू, शत्रू, गुण आणि वेळ ह्यांचा हिशेब बसवावयाचा. हे काम बहुधा एकच माणूस करी. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाजही त्याचेच. डबीवर मात्र नाव फक्त कंपनीचे.

१९७८ साली कंपनीची सूत्रे रे कॅसार ह्यांच्या हाती आली. हे गृहस्थ बर्लिंग्टन ह्या बड्या कापड-कंपनीत वाढलेले. १९७९ साली डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर व बॉब व्हाइटहेड हे चौघे प्रोग्रॅमर त्यांना भेटले. क्रेन ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कंपनीच्या वर्षाच्या दहा कोटी डॉलरच्या कॅसेट-विक्रीपैकी सुमारे सहा कोटी ह्या चौघांच्या खेळांतून आले होते. त्यांनी श्रेय मागितले आणि नफ्यात थोडा वाटा मागितला. कॅसारांचे उत्तर, क्रेन सांगतात त्याप्रमाणे, असे होते की, जुळणीच्या पट्ट्यावर कॅसेट खोक्यात भरणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही.

हे उत्तर अपमान म्हणूनच प्रसिद्ध आहे. कामगार-चळवळीत वावरलेल्या माणसाला मात्र ते निराळे ऐकू येते. खोके भरणारा नसेल तर खेळ दुकानात पोहोचत नाही, आणि लिहिणारा नसेल तर खोक्यात भरावयास काही उरत नाही. दोघेही सारखेच आवश्यक, हे खरेच आहे. परंतु त्यावरून दोघांचाही मान राखावा असा निष्कर्ष निघतो. मालकाने काढला तो उलटा: दोघांनाही मोजू नये.

चौघांनी नोकरी सोडली आणि ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढण्यात भाग घेतला. तेथे खेळ करणाऱ्याचे नाव डबीवर छापले जाऊ लागले. अटारीने दावा लावला. १९८२ साली तडजोड होऊन दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ करण्याची वाट खुली झाली. वॉरन रॉबिनेट ह्यांनी दुसरी युक्ती केली. ‘अ‍ॅडव्हेंचर’ ह्या खेळात त्यांनी एक गुप्त दालन ठेवले, त्यात आपले नाव लिहिले आणि कोणाला न सांगता ते कंपनीतून बाहेर पडले. पुढे एका मुलाला ते दालन सापडले. डोंगरातल्या लेण्यात दात्याचे नाव कोरलेले आढळते; येथे कारागिराला आपले नाव चोरून कोरावे लागले.

परंतु जुळणीच्या पट्ट्यावर गुप्त दालन नसते. सिलिकॉन व्हॅलीतील जुळणीच्या कामावर बव्हंशी स्त्रिया होत्या, आणि त्यांत मेक्सिको, फिलिपीन्स, व्हिएतनाम येथून आलेल्या पुष्कळ. प्रोग्रॅमर आपले कसब डोक्यात घेऊन दाराबाहेर जाऊ शकत होता. ह्या स्त्रियांनी दार सोडले तर मागे दुसरी उभी असे. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग व तैवान येथे हलवीत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे १७०० कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिल्पीटास येथे उरलेल्यांत युनियनसाठी मतदान झाले. कौल विरुद्ध गेला. शेजारची जागा रिकामी झालेली ज्यांनी पाहिली होती, त्यांचे मत भीतीने वळले असेल तर नवल नाही. कारखाना बंद करण्यापूर्वी साठ दिवसांची सूचना मोठ्या मालकांवर बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत झाला तो १९८८ साली.

धंदा तोवर कोसळला होता. ‘ई.टी.’ ह्या चित्रपटावरील खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्यांच्याकडून सुमारे पाच आठवड्यांत करवून घेण्यात आला. तो पडला, तेव्हा दोष लिहिणाऱ्याच्या माथी आला. मुदत घालणाऱ्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या उकिरड्यात गाडला गेला आणि वर काँक्रीट ओतले गेले. २६ एप्रिल २०१४ रोजी तो खड्डा उकरून सुमारे १३०० कॅसेट बाहेर काढल्या. एक स्मिथ्सोनियन संग्रहालयात गेली. कित्येकांचा लिलाव होऊन लाखाहून अधिक डॉलर जमले.

गाडलेल्या मालाला तीस वर्षांनी मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. ती डबी ज्या हातांनी बंद केली त्यांची नोंद मात्र त्या खड्ड्यात नव्हती. ती असते हजेरीपटात, युनियनच्या चोपड्यात आणि जिवंत माणसांच्या आठवणीत. आणि ह्या तिन्ही गोष्टी प्लॅस्टिकपेक्षा लवकर नष्ट होतात. म्हणून संग्राहक मंडळींना माझी विनंती एवढीच की, जुने यंत्र मिळविलेत की ते कोणत्या कारखान्यात जुळले गेले हे शोधा, तेथे राबलेले कोणी हयात असल्यास त्यांना बोलते करा आणि ते लिहून ठेवा. जुने यंत्र दुरुस्त करणारा पुढेही भेटेल. त्या पट्ट्यावरची हकीकत सांगणारी बाई पुन्हा भेटणार नाही.