झालेला सामना, नसलेली नोंद

महिलांची आशियाई फुटबॉल चषक स्पर्धा २०२२ साली महाराष्ट्रात झाली. नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे बारा संघ तीन गटांत खेळले. भारत, चीन, चिनी तैपेई आणि इराण 'अ' गटात होते. नाशिकमध्ये बसून राज्यातील क्रीडा इतिहासाची टिपणे काढताना मी या गटाचा अंतिम गुणतक्ता पाहिला. चीन ६, चिनी तैपेई ३, इराण ०. यजमान भारताचा हिशेबच नाही.

प्रत्यक्षात २० जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांचा सामना झाला होता. आशालता देवी भारताची कर्णधार होती. इराणचा या स्पर्धेतला हा पहिलाच सामना. तो ०-० असा बरोबरीत सुटला. मग भारतीय संघात कोविड पसरला. २३ तारखेला चिनी तैपेईविरुद्ध किमान तेरा खेळाडूही उभे करता येईनात. नियमानुसार भारताची माघार धरली गेली आणि आधीचा सामनाही रद्दबातल ठरला. भारताबरोबर इराणचाही एक गुण गेला.

नियमामागे तर्क होता. तिसऱ्या क्रमांकावरच्या तीन संघांपैकी दोन पुढे जाणार होते. एका गटात तीनच संघ उरल्याने तुलना न्याय्य राहावी म्हणून इतर गटांतले तळाच्या संघाविरुद्धचे निकालही त्या तुलनेतून वगळले गेले. पण भारतीय मुलींसाठी ही स्पर्धा २०२३च्या विश्वचषकाचीही वाट होती. एकही सामना न हरता ती बंद झाली.

१९५०च्या विश्वचषकातही भारताच्या गटात तीनच संघ उरले होते: स्वीडन, इटली आणि पॅराग्वे. तेव्हा भारतीय संघ ब्राझीलला गेलाच नव्हता, त्यामुळे तक्त्यातली रिकामी जागा खरी होती. २०२२ची रिकामी जागा तशी नाही. दोन्ही तक्ते पाहणाऱ्याला मात्र हा फरक कळत नाही.

गुणतक्ता निर्णय सांगतो, घडलेले सगळे सांगत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात माझ्या मते ही नोंद दोन्ही अंगांनी व्हावी: निकाल रद्द, सामना झाला. नेरूळच्या मैदानावर दोन्ही संघ नव्वद मिनिटे धावले होते.