काकिनाडा ते बेळगाव : स्वयंसेवकांचे एक वर्ष

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर ठाऊक नाही असा बेळगावकर शोधूनही सापडायचा नाही. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले, गांधीजी त्याचे अध्यक्ष होते आणि काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एवढ्या एकाच वेळी भूषविले, हे आमच्या शाळेतील पाचवीचा मुलगाही धडाधडा सांगतो. अधिवेशनाच्या नगरीला विजयनगर नाव दिले होते आणि पाण्यासाठी मुद्दाम खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर. विहिरीला ४,३७० रुपये ३ आणे खर्च आला. तीन आण्यांचाही हिशेब ठेवणारी ती माणसे होती.

मात्र त्या विहिरीतले पाणी शेंदले कोणी, वाहिले कोणी आणि हजारो माणसांनी ते वापरल्यानंतर मागे राहिलेली घाण काढली कोणी, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. मला ते थोडेसे कळले ते घरातून. माझे चुलत आजोबा, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. तेव्हा त्यांचे वय अठरा. मी हायस्कुलात असताना एकदा त्यांना विचारले, की गांधीजी काय बोलले? आबांनी सरळ सांगितले की भाषण त्यांनी ऐकलेच नाही. त्या वेळी ते संडासांच्या चरांवर माती टाकीत होते. लहान वयात मला याची लाज वाटली. वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आबांनी घालवली असे वाटले. आज त्या लाजेचीच लाज वाटते, म्हणून हा लेख.

स्वयंसेवकांच्या त्या वर्षाची सुरुवात बेळगावात झाली नाही. तिच्यासाठी एक वर्ष मागे आणि पूर्वेच्या समुद्रकाठी, आंध्रातल्या काकिनाड्याला जावे लागते. त्याआधी १९२३ च्या उन्हाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. देशभरातून गेलेल्या तुकड्या तुरुंगात पडल्या. तुरुंगातले हाल सोसवेनात तेव्हा काहींनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. हुबळीच्या सेवा मंडळाची मुले मात्र वाकली नाहीत. त्यांना तयार करणारे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर हे धारवाडचे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, तेथेच लाला लजपतराय यांच्याबरोबर होमरूलचे काम केले आणि १९२१ मध्ये ते परत आले. पैसा मिळवून देणारा दवाखाना थाटण्याऐवजी हा गृहस्थ हुबळीच्या पोरांना रांगेत उभे राहायला, वेळेवर उठायला आणि शब्द पाळायला शिकवीत बसला. त्या काळी कित्येकांना हे वेड वाटले असणार.

नागपूरच्या अनुभवानंतर मोठ्या पुढाऱ्यांचे लक्ष हुबळीकडे गेले. डिसेंबर १९२३ मध्ये मौलाना महंमद अली यांच्या अध्यक्षतेखाली काकिनाड्याला काँग्रेस भरली, तेथे हिंदुस्थानी सेवा दलाचा ठराव झाला आणि दलाचे पहिले अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंकडे आले. ठरावाला विरोधही झाला. कवायत आणि शिस्त म्हणजे लष्करी थाट, तो अहिंसेच्या चळवळीत कशाला, अशी शंका अनेकांच्या मनात होती. ती अगदीच खुळी होती असे मी म्हणणार नाही. गणवेश अंगात चढला की माणसाच्या डोक्यातही चढतो, हे पुढच्या शतकाने जगभर पाहिले.

काकिनाड्याचीच एक गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. अधिवेशनाला जोडून भरलेल्या प्रदर्शनाच्या दारावर चौदा वर्षांची एक स्वयंसेविका उभी होती. तिकिटाशिवाय कोणालाही सोडायचे नाही, एवढे तिला सांगितले होते. जवाहरलाल आले, जवळ तिकीट नव्हते; तिने त्यांना अडवले. व्यवस्थापक धावत आले, रागावले. मुलगी हलली नाही. शेवटी तिकीट आणले गेले आणि पाहुणे आत गेले. नेहरूंनी तिचे कौतुकच केले. हीच मुलगी पुढे घटना समितीची सदस्य झाली आणि १९५३ मध्ये चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून दुर्गाबाई देशमुख या नावाने आपल्या मराठी घरांना परिचित झाली. स्वयंसेवकाच्या हाती सत्ता अशी नसतेच. त्याच्या हाती दिलेला शब्द असतो. पण तेवढ्यावर तो नेहरूंनाही थांबवू शकतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दारावर उभी राहणारी मुले सरपंचांच्या पुतण्याला थांबवू शकत नाहीत, हे मी खेदाने नमूद करतो.

काकिनाड्याहून मंडळी परतली ती पुढच्या वर्षीचे यजमानपद डोक्यावर घेऊन. १९२० मध्ये नागपूर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या, तेव्हापासून बेळगाव कर्नाटक काँग्रेसकडे होते, आणि त्या प्रांतात भरणारे हे पहिलेच अधिवेशन. सारा भार गंगाधरराव देशपांडे यांच्यावर. हुदलीचे गंगाधरराव लोकमान्यांचे अनुयायी. त्यांना 'कर्नाटक सिंह' ही पदवी मिळाली, आणि या सिंहाने आपले आत्मचरित्र, 'माझी जीवनकथा', लिहिले ते मराठीत. अधिवेशनाच्याच दिवसांत सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद बेळगावात भरली आणि हुयिलगोळ नारायणरावांचे कन्नड नाडाचे प्रसिद्ध गीत येथेच गायिले गेले. आपल्याकडच्या लेखांत हा भाग गाळण्याची पद्धत आहे, आणि कन्नड लेखांत गंगाधररावांची मराठी गाळण्याची. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्यानंतर जे झाले त्याची झळ या अंकाच्या प्रत्येक वाचकाला लागलेली आहे. ती माझ्याही घराला लागली. पण त्या झळीच्या उजेडात १९२४ वाचू लागलो, तर आबांच्या तुकडीत कोण कोणत्या भाषेत 'पाणी आण' म्हणत होता हे कळायचे नाही. आबा सांगत, हुकूम हिंदीत, चहा कन्नडमध्ये आणि शिव्या मराठीत.

ते सबंध वर्ष देशाच्या दृष्टीने उदासच होते. असहकाराची लाट ओसरली होती. जानेवारीत गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. बाहेर येऊन पाहतात तो काँग्रेसमध्ये कौन्सिलात जाणारे आणि न जाणारे अशी फूट, आणि गावोगाव हिंदू-मुसलमानांचे दंगे. कोहाटच्या दंग्यानंतर सप्टेंबरात त्यांनी दिल्लीला महंमद अलींच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास केला. नोव्हेंबरात स्वराज्य पक्षाशी समझोता झाला. अशा वेळी तरुण कार्यकर्त्याला करण्याजोगे काय उरते? घोषणा देऊन झालेल्या असतात, तुरुंग पाहून झालेला असतो. सेवा दलाने त्याला काम दिले. पहाटेची कवायत, सूतकताई आणि येऊ घातलेल्या अधिवेशनाची तयारी.

याच तयारीत स्त्रिया आल्या, आणि ही त्या वर्षाची सर्वांत मोठी गोष्ट असे मला वाटते. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांच्याकडे दलाच्या महिला विभागाची सूत्रे होती. बाल्य मंगळूरकडचे, तेराव्या वर्षी लग्न, सुधारक विचाराच्या सासऱ्यांच्या पाठबळाने लग्नानंतर शिक्षण आणि ऐन तारुण्यात वैधव्य. त्या घरोघर फिरल्या. बायकांना बाहेर पडा म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. विधवांना म्हणणे तर त्याहून कठीण. तरी सुमारे दीडशे स्वयंसेविका बेळगावला उभ्या राहिल्या, त्यांत विधवाही होत्या. लंडनहून परतलेल्या एकवीस वर्षांच्या कमलादेवी चट्टोपाध्यायही याच सुमारास सेवा दलाच्या कामात होत्या. ज्या विधवेचे तोंड शुभकार्यात पाहू नये असे मानले जाई, ती देशभरातून आलेल्या पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहिली. या एका दृश्यासाठी विजयनगरचा सारा खर्च सार्थकी लागला असे मी म्हणेन.

गांधीजी खर्चावर खूश नव्हतेच. राहायला साधी झोपडी मिळेल असे त्यांना वाटले होते. मिळाला खादीचा महाल, अशी तक्रार त्यांनी केली. स्वयंसेवकांचे आणि स्वच्छतेचे मात्र त्यांनी कौतुक केले. संडास साफ करण्याचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले होते आणि त्यांत ब्राह्मण तरुण पुष्कळ होते. सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या डॉक्टरच्या हाताखालची ती मुले. चर किती खोल हवा, माती केव्हा टाकायची, हे त्यांना शिकवलेले असणार. २६ आणि २७ डिसेंबरला अधिवेशन झाले. सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार वार सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. हा ठराव फार काळ टिकला नाही, आणि टिकण्यासारखाही नव्हता, असे माझे मत आहे. माणसांना सक्तीने सूत काढायला लावता येते, आवडीने नाही.

आता ज्या मुलीसाठी मी हा लेख मनात कित्येक वर्षे घोळवत होतो तिच्याकडे येतो. स्वागतगीत गाण्यासाठी धारवाडच्या शाळकरी मुली आणल्या होत्या. त्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती, गंगूबाई. पुढे सवाई गंधर्वांच्या शिष्या आणि किराणा घराण्याच्या थोर गायिका झालेल्या गंगूबाई हनगल. गांधीजींसमोर गायचे, याचा तिला आनंद होता, पण पोटात एक भीती होती. ती मोठेपणी त्यांनी स्वतःच सांगितली आहे. आपण खालच्या मानलेल्या जातीतल्या. जेवणाच्या वेळी आपल्याला वेगळे बसवतील का? सर्वांचे जेवण झाल्यावर उष्टे काढायला, जागा साफ करायला आपल्यालाच सांगतील का?

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. एकाच नगरीत, एकाच आठवड्यात, आमचे आबा आणि त्यांच्यासारखी मुले दुसऱ्याची घाण काढत होती आणि त्यात त्यांना देशसेवेचा अभिमान वाटत होता; आणि तेच काम आपल्याला सांगतील या भीतीने एक मुलगी गाण्याआधी घाबरली होती. काम तेच. आबा ते आपल्या इच्छेने करत होते. चार दिवसांनी गणवेश उतरवून, आंघोळ करून घरी परतणार होते. तिला मात्र ते जन्माने चिकटवले जाणार होते. 'स्वयंसेवक' या शब्दातला 'स्वयं' किती महाग असतो, हे मला इतिहासाच्या एम.ए.ला कोणी शिकवले नाही.

म्हणून आबांचे काम खोटे ठरते असे नव्हे. अठराव्या वर्षी, त्या काळात, त्या घरातून उठून फावडे हाती घेणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या आईने त्यांना परसात आंघोळ घातल्याशिवाय आणि जानवे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, हे ते हसत सांगत. हर्डीकर पुढे घटप्रभेच्या आरोग्य संस्थेशी जोडले गेले. १९३२ मध्ये सरकारने दलावर बंदी घातली. त्याच वर्षी उमाबाई चार महिने येरवड्याला होत्या; सुटून आल्या तेव्हा छापखाना जप्त झालेला होता, मुलींच्या शाळेला टाळे लागले होते आणि भगिनी मंडळ बेकायदा ठरले होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी निवृत्तिवेतनही घेतले नाही आणि ताम्रपटही.

२०२४ च्या डिसेंबरात अधिवेशनाची शताब्दी झाली. शहरभर रोषणाई होती. २६ तारखेच्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम रद्द झाले. काही दिवसांनी मी नववीच्या मुलांना घेऊन विहिरीवर गेलो. पाटी वाचून झाली, फोटो काढून झाले. एका मुलीने विचारले, "सर, मग गंगूबाईंना खरंच ताटं उचलायला लावली का?" मी म्हणालो, भीती होती एवढे त्यांनी सांगितले आहे. तिचे समाधान झाले नाही. "आणि तुमच्या आबांनी?"

आबांनी अधिवेशनात उचलली असणार. घरी कधी उचलली नाहीत. ते एक्याऐंशी वर्षांचे होऊन गेले, आणि शेवटपर्यंत जेवण झाले की हात धुऊन उठत; ताट आजी उचलायची.