धुरक्याचा माग काढणारे दोन डच

26 जुलै 1943 रोजी लॉस एंजेलिसवर तपकिरी धुरके उतरले. तीन चौकांपलीकडचे काही दिसेना. रस्त्यावरच्या माणसांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. दिवस युद्धाचे होते, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी धास्ती पसरली. मग संशय गेला अलिसो स्ट्रीटवरच्या, कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर. कारखाना काही काळ बंद ठेवला गेला, पण धुरके काही हटले नाही.

या शहराची बैठकच तशी आहे. जमिनीलगत समुद्रावरची थंड हवा, तिच्यावर गरम हवेचे झाकण आणि मागे डोंगरांची भिंत. 1542 साली दर्यावर्दी काब्रियो याने इथल्या किनाऱ्यावर मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगींचा धूर साचलेला पाहिला आणि त्या उपसागराला धुराचेच नाव दिले. चारशे वर्षांनी त्याच झाकणाखाली लाखो मोटारी धावत होत्या.

तरी मोटारींवर कोणाची नजर जात नव्हती. लंडनच्या अनुभवामुळे हवेचे प्रदूषण म्हणजे कोळशाची काजळी आणि गंधक, हे समीकरण पक्के बसले होते. म्हणून कारखान्यांची धुराडी तपासली गेली आणि परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बोट ठेवले गेले. त्या भट्ट्या 1957 मध्ये बंदही झाल्या. पण लॉस एंजेलिसचे धुरके ऐन उन्हात दाट होई. त्यात रबराला लवकर तडे जात आणि शेतातल्या पालकाच्या पानांची खालची बाजू चंदेरी पडे. काजळीने असे होत नाही.

उत्तर सापडले ते अननसाच्या वासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला. आरी हागेन-स्मिट हे मूळचे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचे, कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रविज्ञान संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पिकलेल्या अननसातून उडणारी अल्प, अस्थिर द्रव्ये थंड करून पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. त्याच पद्धतीने त्यांनी शहराची हवा गोठवली, तेव्हा हाती आले उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. पुढच्या प्रयोगांतून कोडे उलगडले: पेट्रोलची न जळलेली बाष्पे आणि इंजिनातले नायट्रोजन ऑक्साइड एकत्र आले आणि त्यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. ओझोन कोणत्याही नळीतून बाहेर पडत नव्हता, तो हवेतच घडत होता. वाकवलेल्या रबराच्या पट्ट्यांना किती वेळात तडे जातात, यावरून ते ओझोन मोजत.

1952 साली त्यांनी हे सविस्तर मांडले. तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांना खोटे ठरवायचा प्रयत्न केला. एरवी पुन्हा अननसाकडे वळले असते असे हे गृहस्थ त्यानंतर मात्र धुरके सोडायला तयार झाले नाहीत. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. 1975 च्या अमेरिकी मोटारींत इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. मुंबईसह भारताच्या चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो 1995 मध्ये सक्तीचा झाला.

गोष्टीचा दुसरा अर्धा भागही कॅलटेकमधूनच निघाला. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट हेही उत्रेख्तचेच. वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांवर त्यांनी आणि हागेन-स्मिट यांनी एकत्र काम केले होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानांवर सेजब्रशच्या झुडपांचा दर्प दरवळतो. हा दर्प देणारी टर्पिन नावाची बाष्पे जातात कुठे, हा प्रश्न वेंट यांनी धरून ठेवला. 1960 साली त्यांनी मांडले की डोंगरांवर उन्हाळ्यात दिसणारी निळी झाक या वनस्पतिजन्य बाष्पांपासूनच तयार होते. त्याच्या थोडे आधी सोव्हिएत जॉर्जियात ग्विवी सानाद्झे यांना पानांतून आयसोप्रीन हे असेच बाष्प बाहेर पडत असल्याचे आढळले होते.

मोटारींच्या आणि झाडांच्या बाष्पांचे हे दोन्ही शोध एकमेकांना पूरक होते, पण राजकारणाने त्यांची झुंज लावली. 1980 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी प्रदूषणाचा मोठा दोष झाडांवर टाकला. अर्धसत्य इतके घातक क्वचितच ठरते. झाडे बाष्पे सोडतात हे खरेच, पण नायट्रोजन ऑक्साइड नसेल तर त्या बाष्पांपासून ओझोन फारसा बनत नाही, आणि शहरात ते ऑक्साइड येते ते मुख्यतः इंजिनांतून. उलट चूक नियम करणाऱ्यांचीही झाली. त्यांनी बरीच वर्षे झाडांचा वाटा हिशेबातच धरला नाही आणि भर दिला तो मोटारींची बाष्पे कमी करण्यावर. 1988 मध्ये विल्यम शामायडीस आणि सहकाऱ्यांनी झाडीने वेढलेल्या अटलांटाचा हिशेब मांडला, तेव्हा ही चूक उघडी पडली. अशा शहरात मोटारींची बाष्पे कितीही आवळली तरी झाडांची उरतातच. कपात करायला हवी होती नायट्रोजन ऑक्साइडची.

मोटारी स्वच्छ होत गेल्या तसा उरलेल्या स्रोतांचा वाटा ठळक झाला. 2018 च्या एका अभ्यासात रंग, सुगंधी द्रव्ये, साफसफाईची रसायने यांच्यातून उडणारी बाष्पे वाहनांच्या बरोबरीला आलेली दिसली. 2021 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवरून विमान फिरवून संशोधकांनी खालून वर येणारी बाष्पे थेट मोजली. 2024 मध्ये निष्कर्ष आले: ओझोन आणि सूक्ष्म कण घडवण्याच्या क्षमतेत वनस्पतींची टर्पिनॉइड संयुगे सर्वात पुढे होती, आणि पारा चढला की ती झपाट्याने वाढत होती. यावरून कोणी कुऱ्हाड उचलू नये. सावली देणारी झाडे तोडली तर शहर आणखी तापेल. झाडांची बाष्पे आपल्याला थांबवता येत नाहीत, ट्रक-मोटारींचे नायट्रोजन ऑक्साइड थांबवता येते, आणि वाढत्या उष्णतेच्या वर्षांत ते काम आणखी निकडीचे झाले आहे.