आलिशान मोटारगाड्यांच्या जाहिराती आणि नाममुद्रेची प्रतिमा

आलिशान मोटारगाड्यांच्या जाहिराती हा जाहिरातकलेतील एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार आहे. रोल्स-रॉईस, कॅडिलॅक, मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, ऑडी, जग्वार, लेक्सस इत्यादी नाममुद्रांच्या, अर्थात ब्रँडच्या, जाहिरातींचा तात्कालिक हेतू एखादे मॉडेल विकणे हा असतो. परंतु त्यांचे दीर्घकालीन कार्य त्या नावाभोवती विशिष्ट प्रतिमा उभी करणे हे असते. ही प्रतिमा केवळ गाडी घेणाऱ्यांच्या मनात असून भागत नाही. ती कधीही न घेणाऱ्यांच्या मनातही रुजावी लागते. मात्र प्रत्यक्ष गाडीने जाहिरातीतील दाव्याला दुजोरा दिला नाही, तर ही प्रतिमा डळमळीत होते, असे या जाहिरातींच्या इतिहासावरून दिसते.

स्वरूप

सर्वसाधारण मोटारगाडीच्या जाहिरातीत किंमत, इंधनाची बचत, हप्ते आणि सवलती यांना महत्त्व असते. आलिशान गाडीच्या प्रतिमानिर्मितीसाठी केलेल्या जाहिरातीत किंमत सहसा सांगितली जात नाही. तिच्याऐवजी शांतता, वेग, सुरक्षितता, परंपरा, अभियांत्रिकीतील अचूकता किंवा मालकाची अभिरुची यांपैकी एखादा गुण निवडून तो वर्षानुवर्षे ठसवला जातो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात प्रदर्शनार्थ उपभोगाची संकल्पना मांडली. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या पाहणाऱ्यांच्या नजरेत असते, असा या संकल्पनेचा आशय आहे. आलिशान मोटारगाडीला हा विचार विशेष लागू पडतो. रस्त्यावरील माणसाने गाडीचे बोधचिन्ह ओळखले नाही, तर मालकाने मोजलेल्या किमतीचा एक भाग निरर्थक ठरतो. म्हणूनच मोजक्या ग्राहकांसाठी बनवलेल्या गाडीची जाहिरात कोट्यवधी प्रेक्षकांना दाखवली जाते.

या जाहिरातींचा आणखी एक श्रोता म्हणजे विद्यमान मालक. १९५७ मध्ये एर्लिख, गुटमन, शोनबाख आणि मिल्स या संशोधकांनी अमेरिकेतील मोटारमालकांच्या जाहिरातवाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच नवी गाडी घेतलेले मालक, विचारात घेऊन नाकारलेल्या गाड्यांपेक्षा स्वतःच्या गाडीच्या जाहिराती अधिक वाचतात, असे त्यात आढळले. आपला निर्णय योग्य होता, याचे समाधान जाहिरात खरेदीनंतरही देत असते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मुद्रित जाहिरातींचा काळ

प्रतिमानिर्मितीचे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणून कॅडिलॅकच्या ‘द पेनल्टी ऑफ लीडरशिप’ या जाहिरातीचा उल्लेख केला जातो. थिओडोर मॅकमॅनस यांनी लिहिलेली ही जाहिरात ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात २ जानेवारी १९१५ रोजी प्रसिद्ध झाली. कॅडिलॅकने त्या सुमारास आठ सिलिंडरांचे नवे इंजिन आणले होते आणि त्यावरून प्रतिस्पर्धी टीका करत होते. मॅकमॅनस यांच्या निबंधवजा मजकुरात मात्र इंजिन, किंमत किंवा गाडीचे नाव यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. जो अग्रभागी असतो, त्याच्या वाट्याला मत्सर येतोच, एवढेच प्रतिपादन त्यात होते. टीकेलाच श्रेष्ठत्वाचा पुरावा ठरवण्याची ही युक्ती पुढे अनेकांनी वापरली.

याच्या अगदी विरुद्ध मार्ग डेव्हिड ओगिल्व्ही यांनी रोल्स-रॉईससाठी १९५८ मध्ये केलेल्या जाहिरातीत दिसतो. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगानेही गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, अशा आशयाचा तिचा मथळा होता. त्याखाली अलंकारिक स्तुतीऐवजी गाडीविषयीची क्रमांकित तथ्ये दिली होती. हा मथळा आपला नसून एका ब्रिटिश मोटारविषयक नियतकालिकातील परीक्षणावरून घेतला, हे ओगिल्व्ही यांनी लपवले नाही. पिअर्स-अॅरो या अमेरिकन गाडीच्या १९३३ मधील जाहिरातीतही घड्याळाच्या आवाजाची अशीच कल्पना येऊन गेली होती. तरीही ही प्रतिमा रोल्स-रॉईसच्या नावाशीच कायमची जोडली गेली.

घोषवाक्ये

१९७० च्या दशकात अमेरिकेत बीएमडब्ल्यूचे नाव फारसे परिचित नव्हते. अमिराटी अँड प्युरिस या जाहिरातसंस्थेने तिच्यासाठी ‘द अल्टिमेट ड्रायव्हिंग मशीन’ हे घोषवाक्य तयार केले. त्या काळी आलिशान गाडी म्हणजे मऊ आसने, प्रशस्त जागा आणि चकचकीत सजावट, असे तेथील समीकरण होते. या घोषवाक्याने आरामापेक्षा गाडी चालवण्याच्या आनंदाला प्राधान्य दिले आणि स्टिअरिंग स्वतः हाती धरणारा मालक हा प्रतिष्ठेचा नवा नमुना ठरवला.

ऑडीचे ‘फोरश्प्रुंग दुर्ख टेक्निक’, म्हणजे ‘तंत्राच्या बळावर आघाडी’, हे मूळ जर्मन वाक्य आहे. बीबीएच या जाहिरातसंस्थेचे जॉन हेगार्टी यांना ते इंगोलश्टाट येथील कारखान्यातील एका जुन्या भित्तिपत्रकावर दिसले. १९८२ पासून ब्रिटनमधील जाहिरातींत ते भाषांतर न करता वापरण्यात आले. बहुसंख्य ब्रिटिश प्रेक्षकांना त्याचा शब्दशः अर्थ कळत नव्हता. परंतु जर्मन अभियांत्रिकीचा दबदबा त्याच्या उच्चारातूनच पोहोचत होता. १९८६ मध्ये ऑडीने फिनलंडमधील काइपोला येथील बर्फावरील उडीच्या चढणीवर क्वाट्रो गाडी चढवून दाखवणारा जाहिरातपट केला. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या यंत्रणेचा दावा त्यात दृश्यरूपाने मांडलेला होता.

लेक्सस आणि इन्फिनिटी

१९८९ मध्ये दोन जपानी कंपन्यांनी अमेरिकेत एकाच वेळी नव्या आलिशान नाममुद्रा आणल्या. टोयोटाच्या लेक्ससच्या जाहिरातपटात एलएस ४०० या गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या प्याल्यांचा मनोरा रचला होता. चाके रुळांवर ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरत असतानाही मनोरा ढळत नव्हता. निस्सानच्या इन्फिनिटीच्या आरंभीच्या जाहिरातींत मात्र खडक, झाडे आणि पाणी यांची शांत दृश्ये होती. गाडी दाखवलीच नव्हती. त्या जाहिरातींची चर्चा झाली, तशीच थट्टाही झाली आणि कंपनीला लवकरच गाडी दाखवावी लागली.

लेक्ससच्या प्रतिमेची खरी परीक्षा त्याच वर्षाअखेरीस झाली. काही दोष आढळल्याने सुमारे ८,००० एलएस ४०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने मालकांच्या घरून गाड्या नेल्या आणि दुरुस्त करून, धुऊन, इंधन भरून त्या परत केल्या. अचूकतेचा ध्यास सांगणारे घोषवाक्य या वागणुकीमुळे खोटे ठरले नाही. नव्या नाममुद्रेला घातक ठरू शकणारा प्रसंग तिच्या लौकिकात भर घालणारा ठरला.

आंतरजालावरील जाहिरातपट

बीएमडब्ल्यूने २००१ आणि २००२ मध्ये ‘द हायर’ या मालिकेतील आठ लघुपट आंतरजालावर प्रदर्शित केले. त्यांत क्लाइव्ह ओवेन यांनी निष्णात चालकाची भूमिका केली. दिग्दर्शकांमध्ये अँग ली, वाँग कार-वाई, गाय रिची आणि जॉन वू यांचा समावेश होता. जाहिरात टाळणाऱ्या प्रेक्षकाने ती आपणहून शोधून पाहावी, ही या प्रयोगामागील दृष्टी होती.

२०१३ मध्ये मर्सिडीज-बेंझने गाडीचे हादरे शोषणारी यंत्रणा समजावण्यासाठी कोंबडीचा उपयोग केला. अंग कसेही हलवले तरी कोंबडीचे डोके स्थिर राहते, हे त्यात दाखवले होते. जग्वारने त्यावर प्रत्युत्तरादाखल विनोदी जाहिरात केली; तिच्यात जग्वार हा प्राणी कोंबडी फस्त करतो.

प्रतिमा आणि वस्तुस्थिती

२०१० च्या ‘सुपर बोल’ या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या वेळी ऑडीने ए३ टीडीआय या डिझेल गाडीची जाहिरात दाखवली. तिच्यातील पर्यावरण पोलीस नागरिकांना क्षुल्लक कारणांवरून पकडतात. या गाडीच्या चालकाला मात्र सन्मानाने पुढे जाऊ देतात. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन समूहावर नियमभंगाचा आरोप ठेवला. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारी आज्ञावली समूहाच्या डिझेल गाड्यांत बसवलेली होती आणि त्यांत ए३ चाही समावेश होता. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्वच्छ डिझेल’च्या जाहिराती फसव्या असल्याचा दावा न्यायालयात दाखल केला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझनेही ई-क्लास गाडीची एक जाहिरात अमेरिकेत मागे घेतली. ही गाडी स्वतःच चालते, असा धोकादायक गैरसमज त्यातून होईल, असा ग्राहकसंघटनांचा आक्षेप होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने नव्या रूपाची घोषणा करताना प्रसृत केलेल्या चित्रफितीत एकही गाडी नव्हती. तीवर मोठ्या प्रमाणावर टीका झाली. संकल्पनात्मक विद्युत गाडी त्यानंतर डिसेंबरमध्ये मायामी येथे दाखवण्यात आली.

भारतातील स्थिती

आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी भारतात परदेशी आलिशान गाड्या विरळ होत्या. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन करून पुणे परिसरात जुळणी सुरू केली. पुढे तिचा कारखाना चाकण येथे उभा राहिला. बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळील कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्ड कंपनीकडून जग्वार आणि लँड रोव्हर या नाममुद्रा विकत घेतल्या.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक व व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्रितपणे सुमारे १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. या व्यवहाराचे मूल्य सुमारे ६५ कोटी रुपये होते. सामूहिक खरेदीमुळे आपल्या शहराचे नाव देशभर व्हावे, ही त्यामागील एक प्रेरणा होती. नाममुद्रेची प्रतिमा मोठ्या महानगरांबाहेरही किती खोलवर पोहोचली होती, हे या घटनेतून दिसून आले. शिवाय ती खरेदी स्वतःच त्या नाममुद्रेची जाहिरात ठरली.

नियमन

१९८५ मध्ये स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था आहे. वाहनांच्या जाहिरातींत वाहतूक नियमांचे उल्लंघन किंवा बेदरकार वेग यांना उत्तेजन देऊ नये, तसेच धोकादायक कसरतींसोबत सावधगिरीची सूचना द्यावी, अशी तिची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ब्रिटनमध्ये २०१४ साली तेथील जाहिरात नियामकाने जग्वारच्या एफ-टाइप गाडीच्या एका जाहिरातीवर, ती बेजबाबदार चालवण्यास प्रोत्साहन देते या कारणास्तव, बंदी घातली. वेग हा अशा गाड्यांच्या प्रतिमेचा गाभा असल्याने जाहिरातदार आणि नियामक यांच्यातील वाद बहुधा याच मुद्द्यावर उद्भवतात.