निर्वासित, भय आणि ओळख : पुरंदर, वळिवडे व पिंपरी येथील छावण्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मावळातील अनेक विद्यार्थी व कामगार रोज पिंपरीला उतरतात. तेथील बाजारपेठेला लोक आजही ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. या नावामागे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी आहे, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते.

११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर निर्वासितांकडे संशयाने पाहण्याची वृत्ती वाढली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने सीरियन निर्वासितांचा प्रवेश बेमुदत थांबविला. वस्तुतः त्यांतील असंख्य कुटुंबे युद्ध आणि दहशतवाद यांपासूनच जीव वाचवून निघाली होती. पुणे जिल्ह्यालाही हे भय अपरिचित नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीतील बॉम्बस्फोटात १७ जणांचा बळी गेला. म्हणून सुरक्षिततेची चिंता निराधार ठरविता येणार नाही. मात्र भयग्रस्त समाज व शासन, छळणारा आणि छळातून निसटलेला यांत फरक करू शकतात काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात दुसरे महायुद्ध व फाळणी या काळातील तीन छावण्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पुरंदर : शत्रूचे बळी, शत्रू म्हणून स्थानबद्ध
हिटलरच्या छळाला कंटाळून १९३३ नंतर जर्मनी व ऑस्ट्रियातील काही ज्यू कुटुंबे भारतात आली. त्यांच्या साहाय्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू मदत संस्था स्थापन झाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले जाताच ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ ठरवून अटक केली व अनेकांना अहमदनगरला ठेवले. त्यांत ज्यू निर्वासितही होते. चौकशीअंती त्यांपैकी बऱ्याच जणांची सुटका झाली. परंतु १९४० च्या मध्यास फ्रान्सचा पाडाव झाला, ‘पंचमस्तंभी’ हेरांचे भय पसरले आणि काहींना पुन्हा स्थानबद्धता भोगावी लागली. खुद्द ब्रिटनमध्येही त्या वर्षी सुमारे २७,००० जणांना अशाच रीतीने अडकविण्यात आले. त्यांतही ज्यू निर्वासित मोठ्या संख्येने होते.

ज्या पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी १६६५ चा तह झाला, त्याच किल्ल्यावर या काळात जर्मन व इटालियन कुटुंबांसाठी छावणी होती. तेथे मिशनरी होते, तसेच ज्यू निर्वासितही होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मनीने परदेशात राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व कायद्याने रद्द केले. म्हणजे जर्मनी ज्यांना जर्मन मानण्यास तयार नव्हती, त्यांना येथील सरकार जर्मन म्हणून डांबून ठेवीत होते. व्यक्तीचा पूर्वेतिहास पाहण्याऐवजी कागदावरील राष्ट्रीयत्व पाहण्याचा हा परिणाम होय.

वळिवडे आणि पिंपरी :
त्याच महायुद्धात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. सोव्हिएत सरकारने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया, मध्य आशियाकडे हद्दपार केले होते व इराणमार्गे ते भारतात पोहोचले. वळिवडे येथे त्यांच्यासाठी शाळा व प्रार्थनामंदिर उभे राहिले. पोलंड हे मित्रराष्ट्र असल्याने त्यांच्यावर शत्रुत्वाचा शिक्का बसला नाही. पुरंदरचा ज्यू आणि वळिवड्याचा पोल हे दोघेही छळातून निसटलेले होते. दोघांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीतील अंतर त्यांच्या वर्तनाने पडले नव्हते.

पोलिश लोक परतल्यानंतर वळिवड्याच्या त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले व तिचे गांधीनगर झाले. आज ते कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पिंपरीच्या छावणीचीही बाजारपेठ झाली. भाषा, आहार व व्यापारातील स्पर्धा यांमुळे सिंधी निर्वासितांविषयी स्थानिकांत सुरुवातीस दुरावा होता. सहवास आणि व्यवहार यांनी तो बराच निवळला.

कायद्याने घेतलेला धडा :
युद्धातील या अन्यायाची दखल आंतरराष्ट्रीय कायद्याने घेतली. १९४९ च्या चौथ्या जिनेव्हा कराराच्या कलम ४४ नुसार, ज्या निर्वासिताला कोणत्याही सरकारचे संरक्षण नाही, त्याला केवळ शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून शत्रू मानता येत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात दुसरी बाजूही सांभाळली आहे. गंभीर गुन्हा केलेल्यास निर्वासिताचा दर्जा नाकारण्याची तरतूद त्यात आहे. भारताने या १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. युद्धकालीन १९४० च्या कायद्याची जागा घेणारा १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा पुढे जवळपास आठ दशके चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, तरी निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, निर्वासितांविषयीचे जनमत पुष्कळदा त्यांच्या कृतीवर अवलंबून नसते. शासनाने दिलेले नाव आणि काळाचे भय त्याला आकार देतात. चौकशी आवश्यकच आहे. १९३९ मध्येही चौकशीनेच अनेक निरपराध मोकळे झाले होते. ती प्रत्येक व्यक्तीची व्हावी, समूहावर शिक्का मारून नव्हे. पुरंदरावर चढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना १६६५ चा तह सांगताना १९४० च्या या छावणीचाही इतिहास सांगितला पाहिजे.